डावी बाजू, उजवी बाजू

केनियातल्या अ‍ॅबरडेअर डोंगरांत बोंगोंची पाहणी चालते. तिथे कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे, फोटो जुळवायचं काम माझ्याकडे आहे. बोंगोला आपण हरीणच म्हणू, पण नात्याने तो गाय-म्हशींना आणि नीलगाईला जवळचा. तांबूस अंगावर दहा-पंधरा पांढरे उभे पट्टे, शिंगं नराला तशीच मादीलाही. पहाडी बोंगो फक्त केनियाच्या रानांत उरलेत आणि तेही शंभराच्या आत.

पट्ट्यांवरूनच एकेक जनावर ओळखायचं. पंचाईत अशी, की डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात. एकच बाजू दिसली तर नोंद वेगळी ठेवावी लागते. डा-९ आणि उ-४ या दोन माद्या अशाच दोन वर्षं माझ्या यादीत होत्या.

त्या सकाळी बांबूच्या रानात कार्ड बदलायला निघालो. धुकं इतकं, की पुढे चालणाऱ्या वाटाड्याची फक्त टोपी दिसत होती. त्यांना सगळे आदराने 'म्झे' म्हणतात. ओहोळाजवळ ते एकदम थांबले, खाली बसले. पाचोळ्यात तारेचा फास होता, एका वाकवलेल्या रोपट्याला बांधलेला. छोट्या हरणांसाठी लावतात, पण पाय कुणाचा अडकेल हे तारेला थोडंच कळतं! त्यांनी तार सोडवली, गुंडाळून पिशवीत टाकली.

गाडीत बसून कार्ड लावलं. अकरा फोटो. पहिल्यात डावी बाजू. चौथा पट्टा मधेच तुटलेला. ही डा-९, बघताक्षणी ओळखलं. मग ती पाण्याशी वाकली, वळली. शेवटच्या फोटोत उजवी बाजू आली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. खाली बेचकीसारखे जुळलेले ते दोन पट्टे मला तोंडपाठ होते. ती उ-४ होती.

"म्वानंगू, मी म्हणालो होतो ना," म्झे हळूच म्हणाले, "या ओहोळावर एकाच मादीचे खूर उमटतात."

म्वानंगू म्हणजे माझं लेकरू. त्यांनी खरंच सांगितलं होतं. मीच फोटोची वाट बघत राहिले.

उ-४वर रेघ मारली. शंभराच्या आतल्या जनावरांतलं एक माझ्या हातून कमी झालं. चूक सुधारली, आकडा खरा झाला, हे समजत होतं. तरी पेन उचलवेना.

मग फोटोवरची वेळ पाहिली. आदल्या रात्रीचे दोन वाजून सतरा मिनिटं. कॅमेऱ्यापासून तो फास चाळीस पावलांवर होता, आणि ती त्याच वाटेने गेली होती.