नोंद पाचवी: ‘पायऱ्या’ अखेर सापडल्या

शोधखिडकी चालली! बेळगाव परिसरातल्या ठिकाणांची माझी ही साइट आता सहा पानांची आहे: मुखपान, बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती, येळ्ळूरचा राजहंसगड, हलशी, नंदगड आणि कणकुंबी. मेनू आणि व्ह्यूपोर्टचं (मोबाइलच्या रुंदीत पान बसवण्याचं) काम मागच्या नोंदींत झालंय. या खेपेचा जवळजवळ सगळा वेळ एकाच अक्षराने खाल्ला: ‘ऱ्या’मधला अर्धा र.

लक्षण असं, की राजहंसगडाच्या पानावर ‘पायऱ्या’ शब्द डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण शोधखिडकीत तोच शब्द टाकला की उत्तर शून्य. कणकुंबीच्या पानावरच्या ‘मलप्रभेच्या खोऱ्यात’चीही तीच गत. ‘हलशी’, ‘नंदगड’, ‘रायण्णा’ मात्र झटक्यात सापडतात. म्हणजे शोधाची जावास्क्रिप्ट बरोबर, घोळ अक्षरात.

हा अर्धा र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत; पुढे कंसात तेच क्रमांक) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिली तऱ्हा: ऱ (०९३१) आणि हलन्त (०९४डी). दुसरी: साधा र (०९३०), हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह (२००डी). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे आणि मग हलन्त दाबला की पहिली तऱ्हा उमटते. जुन्या डीटीपी फॉन्टातला मजकूर रूपांतर करून घेतला की त्यात बऱ्याचदा दुसरी येते, आणि ही दोन्ही पानं तशाच मजकुराची आहेत. खात्री करायची तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोड चालवून पाहायच्या खिडकीत) शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून ‘कोडपॉइंटअॅट’ने त्याचा क्रमांक छापा. क्रमांक षोडशमान (हेक्स) पद्धतीत छापा, नाहीतर वरच्या आकड्यांशी ताळा लागणार नाही.

पहिला उपाय जावास्क्रिप्टचं ‘नॉर्मलाइज’, त्यातला एनएफसी प्रकार (सुटी चिन्हं जोडून एक अक्षर करणारा). उपयोग नाही. र आणि नुक्ता सुटे असतील तर तो त्यांचा एक ऱ करतो, पण जोडचिन्हाला हात लावत नाही.

दुसरा उपाय: सगळी जोडचिन्हं पुसून टाकणं. हा चुकूनही करू नका. जोडचिन्ह गेलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. जांबोटीकडच्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र दाखवायचा का? ‘आचाऱ्यां’चे ‘आचार्य’ होतात ते वेगळंच.

चाललेला उपाय क्रमाचा आहे. आधी र-हलन्त-जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ-हलन्त घाला, मग एनएफसी करा, आणि उरलेली जोडचिन्हं (२००डी) आणि तशीच न दिसणारी तोडचिन्हं (२००सी) शेवटी पुसा. क्रम उलटा केला की पुन्हा दर्या. यातही एक खड्डा आहे: ‘रिप्लेस’ला साधी अक्षरमाळा दिली की तो फक्त पहिली जागा बदलतो. पानातला पहिला ‘पायऱ्या’ सुधारतो, बाकीचे तसेच राहतात आणि उपायच फसला असं वाटतं. ‘रिप्लेसऑल’ वापरा.

हे लिहिता लिहिता बेत बदलला. वाचणाऱ्याच्या मोबाइलने दर शोधाला सहा पानांचा मजकूर का धुवायचा? मजकूर मुळातच एकदा स्वच्छ करायचा आणि स्क्रिप्टमध्ये फक्त खिडकीत टाइप केलेला शब्द सुधारायचा. तेवढं ठेवावंच लागेल, कारण कुणाचा कीबोर्ड काय पाठवेल याचा नेम नाही. व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायच्या एडिटरमध्ये) शोध रेग्युलर एक्स्प्रेशनवर (नमुना देऊन शोधायच्या पद्धतीवर) ठेवून र-हलन्त-जोडचिन्हाचे तिन्ही क्रमांक बॅकस्लॅश-यू लावून लिहा. बदलाच्या चौकटीत मात्र क्रमांक न लिहिता ‘ऱ्’ थेट चिकटवा. तिथे बॅकस्लॅश-यूचा अर्थ वेगळा आहे. आधी फोल्डरची प्रत काढून ठेवा.

‘ॲ’चंही असंच दुखणं आहे. एक सलग अक्षर (०९७२), दुसरं अ-चंद्र (कधी मध्ये जोडचिन्हही) असं जोडलेलं. एनएफसी इथेही काही करत नाही, तेव्हा तेही त्याच फेरीत बदलून घ्या.

आता आनंदाची गोष्ट. एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ लिहिली आणि नोटो सॅन्स देवनागरी फॉन्टात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे झाले. एवढ्याशा बदलाने पान घरचं वाटायला लागतं. शीर्षकांवरचं लेटर-स्पेसिंग काढलं, त्याने शिरोरेषा तुटत होती. ओळींची उंची १.७ केली, आता वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींना भिडत नाहीत. टेम्पलेट ओढून-सोडून साइट बनवणारी साधनं नवशिक्याने निदान पहिल्या साइटला तरी टाळावीत असं ठाम मत आहे. यातलं बरंचसं तिथे सहज हाताला लागत नाही.

कमल बस्तीचा फोटो सर्व्हरवर दिसत नव्हता. फाइलचं शेपूट (नावातलं टिंबानंतरचं, जेपीजी वगैरे) कॅपिटलमध्ये होतं आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोजला चालतं, लिनक्स सर्व्हरला नाही. सगळी नावं स्मॉल केली.

पुढे कन्नड पानं घ्यायची होती, पण त्याआधी पर्यायी नावांची यादी करतोय. हलशी-हलसी, येळ्ळूर-येळूर, बेळगाव-बेळगावी-बेळगाम: कुणी काहीही टाइप केलं तरी पान उघडलं पाहिजे. प्रत्येक पानाला एक लपलेली नावपट्टी द्यायची आणि शोध तिच्यातही करायचा. तुमच्या गावाची दोन-तीन रूपं चालत असतील तर कळवा, त्याच यादीत घालतो.