फिरतीवरचा वस्तरा: खरड छाटणी ते फळछाटणी

घरची दाढी आता हातात बसली आहे, त्यावर नवीन सांगण्यासारखं फारसं नाही. ही नोंद फिरतीवरच्या दाढीची. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: मी सांगलीचा, ठिबक सिंचनाच्या कामात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, दोन्ही वेळा द्राक्षवाल्यांची धावपळ, म्हणजे माझीही. तासगाव-पलूस असलं तर संध्याकाळी घरी. जत, आटपाडी, पंढरपूर, विजापूर किंवा थेट नाशिक असलं की मुक्काम लॉजवर. या वर्षी ठरवलं, वापरून फेकायचे रेझर बॅगेत ठेवायचेच नाहीत.

वस्तरा कुठला, हे आधी सांगून टाकतो. शेफिल्डचा जाड पाठीचा, सहा-अष्टमांश इंच रुंद पात्याचा घरीच राहतो. बॅगेत जातो सोलिंगेनचा पाच-अष्टमांश, पूर्ण पोकळ घासणीचा (पात्याच्या दोन्ही बाजू आत खोलवर घासून पातळ केलेला) आणि स्टेनलेस. कार्बन स्टीलवाले नाक मुरडतील, मुरडू देत. स्टेनलेसला दगडावर धार यायला वेळ लागतो हे कबूल. पण पावसाळ्यात आंबोली घाट उतरून सावंतवाडीला मुक्काम करून बघा. तिथे अंगावरचा सदरा वाळत नाही, मग कार्बनच्या पात्याचं काय होणार! रातोरात तांबूस ठिपके येतात. ठिपका बरोबर धारेवर आला, की तेवढं पोलाद दगडावर घासून काढण्याशिवाय इलाज नाही.

तेलाबद्दल बरेच जण विचारतात. खोबरेल लावू नका. 24 अंशांच्या आसपास ते गोठायला लागतं, डिसेंबरात महाबळेश्वरला बाटलीतून निघतच नाही, आणि पात्यावर राहिलं की चिकटा धरतं. शिलाई मशीनचं तेल कापसाला एक थेंब, बस्स. वस्तरा मी टूथब्रशच्या प्लास्टिकच्या नळीत ठेवतो, औषधाच्या डबीतली सिलिका जेलची पुडी सोबत. जुन्या वस्तऱ्याची मूठ सेल्युलॉइडची असेल तर मात्र अशी बंद नळी नको. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून वायू सुटतो आणि कोंडलेल्या जागेत तोच पातं खातो. असल्या वस्तऱ्याला मोकळी हवा लागते.

आता पाणी. या हंगामात माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. घरी कृष्णेचं पाणी, ब्रश चार वेळा फिरवला की फेस तयार. जतकडे बोअरचं पाणी असलं की तोच साबण, तोच ब्रश, आणि वाटीत दह्याची निवळी. कामामुळे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात असतोच. खोलीत गेलो की तो पहिल्यांदा नळाखाली धरतो (लॉजच्या पोऱ्याला वाटतं, नगरपालिकेचा माणूस आला). बोअर असेल तर आकडा हजारच्या वर जाणं नवलाचं नाही. पण आकड्यावर जाऊ नका, हे मला उशिरा पटलं. मीटर सगळे क्षार एकत्र मोजतो. फेसाचा वैरी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. साबणाशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा चोथा होतो, आणि साबण फेस करण्याऐवजी त्या चोथ्यातच संपतो. पाणी नुसतं खारट असेल, म्हणजे सोडियम जास्त, तर आकडा मोठा असूनही फेस त्या मानाने बरा येतो. त्यामुळे मीटरपेक्षा बाथरूमच्या तोटीकडे बघा. तोटीवर पांढरं पापुद्र्यासारखं बसलेलं दिसलं की समजा, आमच्या ठिबकच्या नळ्या चोंदवणारा तोच प्राणी इथेही आहे.

नळ्यांसाठी आम्ही ॲसिड सोडतो, तोंडासाठी तसं चालत नाही. उपाय दोन सापडले. पहिला अगदी साधा: फेसापुरतं अर्धा पेला बाटलीबंद पाणी. ब्रश त्यातच भिजवायचा, वाटीत त्यातलंच थेंब थेंब घालायचं, तोंड मात्र खुशाल नळाच्या पाण्याने धुवायचं. दुसरा उपाय साबण विकत घेतानाचा. घटकांच्या यादीत ईडीटीए आहे का ते बघा. द्राक्षवाल्यांना हे नाव झिंक ईडीटीए या खतामुळे पाठ असतं. तिथे ते झिंकला धरून ठेवतं, इथे कॅल्शियमला धरून ठेवतं आणि साबण मोकळा राहतो. माझा घरचा हाताने केलेला साबण वासाला फार गोड, पण त्यात ते नाही. म्हणून बॅगेत ट्यूबमधलं साधं क्रीम. ब्रशही सिंथेटिक, कारण सकाळी नऊला बॅग बंद करायची असते आणि बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश तोवर ओलाच असतो.

पट्ट्याचा प्रश्न वेगळा. वस्तरा दर दाढीआधी चामड्यावर फिरवायलाच हवा, त्याला सुटका नाही. घरचा टांगायचा पट्टा गुंडाळून नेला तर त्याला घडी पडते, आणि घडीवरून पातं गेलं की धारेला खड्डा. शिवाय टांगायचा कशाला? लॉजच्या दाराची कडी ओढली की हातात येते. खिडकीचा गज बरा, पण खिडकी बहुतेक वेळा पलंगाच्या पलीकडे. शेवटी कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कारागिराकडून वीतभर लांब आणि तीन बोटं रुंद पट्टी कापून आणली. ते चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, क्रोमच्या क्षारांनी नाही. म्हशीचं, त्यामुळे वरचा दाणा खरबरीत. बारीक पॉलिश पेपरने घासलं, तळहाताने चोळचोळ चोळलं, सागाच्या सपाट पट्टीवर फेव्हिकॉलने चिकटवलं आणि वर रात्रभर पाट्याचा दगड ठेवला.

निकाल माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला. टांगत्या पट्ट्याला मध्ये झोळ येतो, हात थकला की जास्तच येतो, आणि धार गोल होते. फळीला झोळ नाही. लांबी कमी म्हणून फेऱ्या वाढवाव्या लागतात: घरी चाळीस, इथे सत्तरच्या आसपास. बाकी नियम तेच, पाठ पुढे, धार मागे, आणि उलटवताना पाठीवरूनच उलटवायचं, पातं उचलायचं नाही. दाब अजिबात नको. फळी मागे सरत नाही, त्यामुळे दाब द्यायचा मोह होतो, तेवढा आवरा.

मारुती चौकाच्या बाजूला एक जुने सलूनवाले मामा आहेत. आता तेही सगळ्यांसारखं वस्तऱ्यात बदलायचं अर्धं ब्लेडच लावतात, पण धोकटीतला जुना वस्तरा अजून जपून आहे. त्यांना फळी दाखवली. अंगठ्याने चामडं दाबून बघत म्हणाले, "बरं केलंय की. पण रोज नगा वापरू. लोखंड एक रात निजवाय लागतंय, मग धार उठती." एक रात्र आड वस्तरा वापरावा, हे युरोपातले जुने न्हावीही म्हणायचे. मामांसमोर मान डोलावली, पण पोलादाच्या झोपेवर माझा विश्वास नाही. पातं पूर्ण कोरडं होण्यावर आहे, आणि तेवढ्यापुरता सल्ला चालतोच. मुक्कामात मी एक दिवसाआडच दाढी करतो, एक सुलटा हात (केसांच्या दिशेने) आणि दुसरा आडवा. उलटा हात (केसांच्या विरुद्ध) फक्त घरी. लॉजच्या आरशासमोर उभं राहिलं की ट्यूब डोक्यामागे असते, हनुवटीखाली अंधार, तिथे उलट्या हाताचा हट्ट कशाला? बागायतदार माझे गाल चाचपून बघत नाहीत.

मामांकडून एक गोष्ट मात्र खरीच शिकलो, ती म्हणजे डावा हात. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं सतत पात्याच्या मागच्या बाजूची कातडी ताणत असतात, आणि ही बोटं कोरडी राहावीत म्हणून अधूनमधून खांद्यावरच्या टॉवेलला पुसली जातात. मी बोटांना तुरटी लावतो, पकड सुटत नाही. जबड्याच्या कोपऱ्यात यामुळे फार फरक पडला.

विमानाचं एका ओळीत: केबिन बॅगेत वस्तरा चालत नाही, अर्धं ब्लेडही नाही, सामान चेक-इन करणार असाल तरच न्या. एका दिवसाच्या कामासाठी बॅग चेक-इन करायचा मला कंटाळा, मग उतरलो तिथल्या सलूनमध्ये बसतो. महालक्ष्मीने रात्री मिरजेला बसून सकाळी मुंबईत उतरलो, तरी तेच. हलत्या डब्यात वस्तरा उघडण्याचं धाडस कोणी करत असेल तर त्याला दुरूनच नमस्कार.

राहिली दगडाची गोष्ट. लांबच्या फेरीत धार मध्येच बसली तर काय? चाकावर धार लावणाऱ्याकडे वस्तरा कधीही देऊ नका. पातळ पातं क्षणात तापून निळं पडतं, पाणी उतरतं, मग ते फक्त पेन्सिल तासायच्या कामाचं. मिरजेत हे काम हाताने करणारं कोणी सापडेल अशी मला आशा होती, कारण तिथे सतारी घडवणाऱ्यांचे पूर्वज शिकलगार, शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. दोन-तीन जणांना विचारलं. हसले, चहा पाजला, आणि भोपळा कसा निवडायचा ते तासभर समजावलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, आता ते धारेकडे कशाला परत येतील!

म्हणून आता एक मायक्रॉनची लॅपिंग फिल्म, म्हणजे धार लावायचा अतिबारीक कणांचा पातळ कागद, मागवली आहे. वजन काहीच नाही, टाइलच्या गुळगुळीत तुकड्यावर पाण्याने चिकटते. पाठ आणि धार दोन्ही सपाट टेकवून फिरवायचं, कोन पाठीची जाडीच ठरवते. घरी शेफिल्डवर करून पाहिलं तर हातात लोंबता धरलेला केस पात्याला टेकताच तुटायला लागला. पोकळ घासणीच्या स्टेनलेसवर अजून केलेलं नाही, ते पातं बोटाच्या दाबाने वाकतं. पुढची लांबची फेरी नाशिकची आहे. तोवर कोणी पोकळ पात्यावर फिल्म वापरली असेल तर दाब किती ठेवता आणि टाइल वापरता की ॲक्रिलिक, तेवढं सांगा. टाइलचा तुकडा माझ्या बॅगेत वस्तऱ्यापेक्षा जड होतो आहे.