आमची वाटचाल : पर्थहून करिजिनीला

आमची फर्म म्हणजे मी, माझी बायको, एक फोर व्हील ड्राइव्ह गाडी आणि सीझनला सोबतीला एक गाइड. काम एकच, वेस्टर्न ऑस्ट्रेलियातलं करिजिनी नॅशनल पार्क लोकांना नीट दाखवायचं. सिडनी मेलबर्न पण करा की, असं खूप जण सुचवतात, पण ते करणारे भरपूर आहेत आणि आमचा जीव पिलबारात, म्हणजे करिजिनीच्या आसपासच्या खाणींच्या मुलखातच रमतो.

सुरुवात खाणीतून झाली. मी इंजिनिअर, पर्थहून विमानाने पिलबाराच्या लोखंडाच्या खाणीत जायचो, रोस्टर संपला की परत घरी, पर्थमधल्या बऱ्याच मराठी घरांत हेच चालू असतं. कामावर दगड म्हणजे त्यात लोखंड किती टक्के एवढंच बघायची सवय लागलेली. एका सुट्टीत टॉम प्राइस नावाच्या खाणीच्या गावाहून करिजिनीत गेलो, साधारण तासाभराचा रस्ता, आणि तोच दगड उभ्या कड्यात बघितला, लाल मग करडा मग परत लाल, पातळ पातळ थर, हात लावला तर कड उन्हाने तापलेली आणि दोन पावलं सावलीत गेलं की गार. कॉलेजात असताना सांदण दरी केलेली, घळीत उतरायची हौस तिथूनच लागली होती. पण सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि हे थर जवळपास 250 कोटी वर्षांचे. तेव्हा इथे समुद्र होता, पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं, सूक्ष्म जिवांनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली तसं ते लोखंड गंजून तळाशी बसत गेलं, मध्ये मध्ये सिलिकाचे थर. नंतर जमीन वर आली आणि नद्यांनी ती कापत नेली, काही ठिकाणी घळी 100 मीटर खोल आहेत. वरून सपाट माळ दिसतो, स्पिनिफेक्स गवत आणि वाळवीची वारुळं, कड्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत खाली एवढं काही आहे याचा पत्ताच लागत नाही.

मग मित्र बरोबर यायला लागले, मग मित्रांचे आईवडील. खरं सांगायचं तर फर्म उभी राहिली ती या आईवडिलांमुळे. पुण्या-नाशकाहून व्हिजिटर व्हिसावर येतात, मुलं दिवसभर कामावर, आणि यांचा दिवस घरात नाहीतर शॉपिंग सेंटरमध्ये जातो. त्यांना चालायची सवय असते, बघायची हौस असते, फक्त कोणीतरी धीराने न्यायला हवं असतं. पर्थपासून 1,400 किलोमीटर, एवढ्या लांब स्वतः गाडी चालवत जायची बऱ्याच मुलांची तयारी नसते, तेही बरोबरच आहे, रात्री रस्त्यावर कांगारू आणि गुरं येतात, फोनला रेंज नाही, पार्कात पेट्रोल नाही. आम्ही दोन दिवसांत जातो, मुक्काम मीकाथाराच्या आसपास, अंधार पडला की गाडी बंद. ज्यांना एवढं बसणं झेपत नाही त्यांना विमानाने पॅराबर्डूला बोलावतो.

लायसनचं काम सोपं नव्हतं. पार्कात पैसे घेऊन टूर न्यायची तर राज्य सरकारच्या खात्याचं परमिट लागतं, इन्शुरन्स लागतो, फर्स्ट एडचा कोर्स लागतो, आणि हे सगळं असायलाच हवं. गाडी आधी भाड्याने घ्यायचो, पण त्या कंपनीने कच्च्या रस्त्यावर इन्शुरन्स चालणार नाही म्हणून ऐन सीझनच्या तोंडावर नकार दिला, मग कर्ज काढून स्वतःचीच घेतली.

आता आमचा सगळ्यात कडक नियम. पावसाचा अंदाज असेल तर घळीत उतरायचं नाही. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी लांब वरच्या बाजूला पाऊस झाला की पाणी घळीत येतं आणि तिथे पळायला जागा नसते. 2004 मध्ये हॅनकॉक गॉर्जमध्ये जखमी पर्यटकाला सोडवायला गेलेले स्वयंसेवक जिम रीगन अशाच लोंढ्यात गेले. तिथल्या एका डोहाला आता त्यांचं नाव आहे, आम्ही प्रत्येक ग्रुपला त्यांच्याबद्दल सांगतो. कोणी म्हणतं पैसे भरलेत, एवढ्या लांब आलोय, पण तिथे आमचं उत्तर नाहीच असतं. त्या दिवशी वरून ऑक्सर लुकआउट दाखवतो, वीआनो, हॅनकॉक, जॉफ्री आणि रेड अशा चार घळी तिथे एकत्र येतात, आणि माणसं तिथेही समाधानाने बसतात.

हवामान चांगलं असलं की मग मजा. तरुण मंडळी हॅनकॉकमध्ये स्पायडर वॉक करतात, दोन्ही भिंतींना हातपाय लावून, खालून पाणी वाहतंय आणि दगड इतका गुळगुळीत की चांगल्या ग्रिपचे बूट नसतील तर मी उतरूच देत नाही. पाणी बर्फासारखं, ऊन पोचतच नाही तिथे, त्यामुळे बाहेर आल्या आल्या कोरडे कपडे आणि आल्याचा चहा तयार लागतो. ज्येष्ठांसाठी कॅलामिना, ती पार्कातली सगळ्यात सोपी घळ, आणि गुडघे साथ देत असतील तर डेल्स गॉर्ज, तिथे पायऱ्या बऱ्याच आहेत पण फोर्टेस्क्यू फॉल्स बारा महिने वाहतो आणि थोडं पुढे गेलं की फर्न पूल.

फर्न पूलबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. ही जमीन बनजिमा, यिन्हावांगका आणि कुरामा लोकांची, 1991 मध्ये पार्कचं हॅमर्सली रेंज नाव बदलून करिजिनी झालं. फर्न पूल त्यांच्यासाठी पवित्र जागा आहे, तिथे उड्या मारायच्या नाहीत, आरडाओरडा नाही, शांतपणे पाण्यात उतरायचं. हे मला आपल्या लोकांना फार समजवावं लागत नाही, देवराईत जसं वागतो तसं वागा म्हटलं की झालं, एकदा तर साताऱ्याच्या एका आजींनी पाण्याला हात लावून आधी नमस्कार केला आणि मग पाय घातला. वर झाडांवर वटवाघळं लटकलेली असतात, पोरं ती बघत बसतात.

जेवण बायको बघते. पार्कात लाकडाची शेकोटी चालत नाही, गॅसच वापरायचा, त्यावर पिठलं, भात, सकाळी भाजणीचं थालीपीठ. शेजारच्या तंबूतले लोक वास घेत येतात, त्यांनाही देतो.

विटेनूम या ॲस्बेस्टॉसच्या जुन्या खाणगावाला न्या म्हणून विचारणा होते, तिथे आम्ही जात नाही. निळ्या ॲस्बेस्टॉसने तो भाग विषारी झालाय, फोटोसाठी कुणाच्या फुफ्फुसाशी खेळायचं नाही.

आता दुसरी गाडी घ्यायचं चाललंय, पण ग्रुप लहानच ठेवणार. मे ते सप्टेंबर आमचा सीझन, त्यानंतर उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि आम्ही बुकिंग घेत नाही. आईबाबांचा व्हिसा आणि तिकीट काढताना जमलं तर हे महिने धरा, आणि गुडघ्यांचं काय आहे ते आम्हाला आधीच मोकळेपणाने सांगा, त्याप्रमाणे घळ ठरवता येते.