पत्त्याच्या रकान्यात दिंडी नंबर

मेडिकलच्या थर्ड इयरला असताना आमच्या कॉलेजच्या एनएसएसमधून वारीतल्या मोफत दवाखान्यात दोन दिवस गेले होते, सासवडला. 2024 ची वारी. खरं सांगायचं तर सेवाबिवा डोक्यात काही नव्हतं, फार्माकोलॉजी नुकतंच संपलेलं, पोस्टिंगचा कंटाळा आलेला आणि दोन दिवस लेक्चर बुडणार होतं म्हणून नाव दिलं. बाबा म्हणाले जा, आजोबा चालत जायचे तू निदान बसून तरी जा.

मंडप म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, खाली सतरंजी, दोन टेबलं, एक ऑक्सिजन सिलेंडर आणि खोक्यांमध्ये औषधं. एक सर, एक मॅडम आणि आम्ही सहा जण. मला केसपेपर लिहायचं आणि रक्तातली शुगर तपासायचं काम दिलं. केसपेपर म्हणजे सोपं काम वाटलं होतं, नाव, वय, गाव, तक्रार, बीपी, बास. पहिल्या तासात पंधरा-वीस पेपर पटापट लिहिले, पत्त्याच्या रकान्यात मु. पो. अमुक ता. गंगाखेड जि. परभणी असं छान अक्षरात. सरांनी एक पेपर उचलला आणि विचारलं, हिला रात्री चक्कर आली तर परभणीला शोधायला जाणारेस का? दिंडी नंबर लिही.

तेव्हा कळलं की वारीत माणसाचा पत्ता म्हणजे दिंडी. रथापुढे की रथामागे, आणि कितवी. रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे तर कितीतरी, आणि प्रत्येक दिंडीचा मुक्काम, ट्रक, तंबू सगळं त्या नंबरावर. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा मोबाईल नंबर पाठ नसतो पण "रथामागं अमुक नंबर" हे झोपेतून उठवलं तरी सांगतो. मग मी गावाच्या आधी तेच विचारायला लागले.

त्या दिवशी, म्हणजे 2 जुलैला, एकादशी होती. पुण्याहून निघून दिवे घाट चढून सासवडला यायचं म्हणजे तीस किलोमीटरच्या वर चाल, आख्ख्या वारीतली सगळ्यात लांबची, आणि तीसुद्धा उपवासाच्या दिवशी. चारनंतर जी गर्दी लागली ती लागलीच. तक्रारी सगळ्या सारख्या, पाय, गुडघे, कंबर, पायाला फोड, डोकं दुखतंय, ॲसिडिटी. फोड आलेले पाय बघितले की आधी मी त्याची कातडी कापायला जायचे, मॅडमनी हात धरला, म्हणाल्या वरची कातडी हेच त्याचं ड्रेसिंग आहे, कडेला सुईनी भोक पाड, पाणी काढ, कातडी राहू दे. पुस्तकात वाचलेलं असेल कदाचित, आठवत नव्हतं.

ओआरएसचा एक वेगळाच गोंधळ. एक पाकीट एक लिटर पाण्यात टाकायचं असतं, आणि लोक आख्खं पाकीट पेल्याभर पाण्यात ढवळून पितात, वर म्हणतात कडक लागतंय, चांगलं असणार. म्हणून आम्ही वीस लिटरचा जार भरून त्यात मोजून वीस पाकिटं टाकली आणि पेले वाटत बसलो.

तर संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास एका आजींना दोघींनी धरून आणलं. घामानं लुगडं ओलं, हात थरथरतायत, बोलणं जरा अडखळत. मी शुगर बघितली, 52. हात माझेपण थरथरले, कारण 70 च्या खाली म्हणजे कमी हे पाठ होतं पण समोर माणूस कधी नव्हता बघितला. ओआरएसचा पेला पुढे केला तर आजींनी तशा अवस्थेत विचारलं, "यात मीठ हाय का? मला एकादशी हाय माय." मी काही बोलायच्या आत सरांनी पेला बाजूला केला, ग्लुकोजची पावडर तीन-चार चमचे पाण्यात टाकून दिली, "साखर आहे आजी, साखर चालते." आजी घटाघट प्यायल्या. मी मनात म्हणत होते, शुगर 52 आणि आपण मिठाबद्दल बोलतोय? पण सर बरोबर होते, वाद घातला असता तर पाच मिनिटं त्यातच गेली असती.

पंधरा मिनिटांनी परत बघितलं, 84. आजी एकदम टवटवीत, म्हणे येते मी, दिंडी पुढं गेली. सर म्हणाले, सोडायचं नाही. सकाळी ग्लिमेपिराइड, म्हणजे डायबेटिसची साखर कमी करणारी गोळी, घेतलेली आहे, तिचा असर दिवसभर राहतो, साखर परत खाली येणार. आणि आजींचं म्हणणं ऐकलं तर चूक काढायची तरी कशी? गावच्या डॉक्टरनी सांगितलं गोळी चुकवायची न्हाई, म्हणून गोळी घेतली. एकादशी म्हणून जेवल्या नाहीत, सकाळी दोन केळी आणि चहा. दोघांचंही ऐकलं आणि मग घाट चढल्या. बाई गं. जेवला नाहीत तर ती गोळी घ्यायची नाही, हे वाक्य त्यांना आजवर कुणी बोललंच नव्हतं.

मग आमच्यातला एक मुलगा दिंडी नंबर घेऊन पळाला आणि तासाभरात विणेकरी बुवांनाच घेऊन आला. त्यांनी सांगितलं, मावशे बस हितंच, आम्ही न्यायला येतो, तेव्हा कुठं आजी टेकल्या. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, केळी, जे उपवासाला चालतं ते सगळं खायला घातलं, दर तासाला बोट टोचलं. रात्री दहाला गेल्या. जाताना माझ्या पाया पडायला लागल्या, वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात हे माहीत होतं तरी मी दोन पावलं मागे उडी मारली आणि मागच्या खोक्यावर आपटले.

पण मला खरं सांगायचंय ते पिशव्यांबद्दल.

रात्री एक बाबा आले, सत्तरीचे असतील, गुडघा दुखतोय गोळी द्या. मी विचारलं आधी काही घेतलंय का, तर त्यांनी बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून टेबलावर उलटी केली. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी गोळ्या, कागदाच्या पुड्या, आणि स्ट्रिपचे कात्रीनी कापलेले तुकडे. आळंदीपासून वाटेत जितके मोफत दवाखाने लागले तितक्यांनी काही ना काही दिलं होतं. कापलेल्या स्ट्रिपवर नाव अर्धं, एक्स्पायरी गायब. एकावर "डायक्लोफे" एवढंच, म्हणजे डायक्लोफेनॅक, दुखणं थांबवायची गोळी. दुसऱ्या पुडीतली गोळी तीच, फक्त दुसऱ्या कंपनीची. तिसरी कॉम्बिनेशन, त्यात परत डायक्लोफेनॅक. बाबा तिन्ही घेत होते, सकाळ-संध्याकाळ, कारण तिन्ही डॉक्टरांनी जेवणानंतर सांगितलं होतं. दिवसभर उन्हात चालायचं, पाणी बेताचं, वरून बीपीची गोळी चालू. किडनीचं काय होईल हे आम्हाला परीक्षेत पाच मार्कांना विचारतात.

आणि मी काय करणार होते? चौथी देणार होते. हात खोक्यात गेलेलासुद्धा होता.

वाईट कुणीच वागलं नव्हतं. रांग मोठी, प्रत्येकाला मिनिटभर, माणूस परत दिसणार नाही हे माहीत, मग काहीतरी हातावर ठेवायचं. रिकाम्या हाती पाठवलं की त्यालाही बरं वाटत नाही आणि आपल्यालाही. दुपारपासून मीच किती स्ट्रिपा कापल्या होत्या, नाव कुठून कापलं जातंय ते न बघता.

त्या बाबांना गोळी दिली नाही. गुडघ्याला मलम लावलं, क्रेप बँडेज बांधलं, दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल. पिशवी वेगळी करायला वीस मिनिटं लागली, मागची रांग चिडली. मग मार्कर घेतला आणि बीपीच्या गोळीच्या पुडीवर सूर्य काढला, पॅरासिटामॉलवर गुडघा काढला, तो बटाट्यासारखा दिसत होता. तिन्ही डायक्लो त्यांना विचारून काढून घेतल्या. ते खूश नव्हते. "द्यायच्या सोडून घेतीया पोरगी" असं शेजारच्याला म्हणाले, मला ऐकू आलं.

सासवडला दोन मुक्काम असतात म्हणून, नाहीतर पुढचं मला कळलंच नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्ट्रिपा कापत होते, आता नाव शाबूत ठेवून, तर बाबा समोर. हातात एक नवीन पुडी, रात्रीच दुसऱ्या कुठल्यातरी मंडपातून घेतलेली. मला वाटलं आता भांडणार. तर म्हणाले, "माऊली, ही घेतली न्हाई अजून. आधी तू बघ, त्यातलीच हाय का येगळी." उघडली, त्यातलीच होती. ठेवून घेतली.

मग ते बाजूला सरकले. मागे त्यांच्या दिंडीतले सहा-सात जण उभे होते, प्रत्येकाच्या हातात एकेक पिशवी.