पाणी पाजलं का?

शुक्रवार, रात्र

झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आज माझ्या ड्यूटीत आयसीयूतले एक पेशंट बाबा गेले. लातूरजवळच्या खेड्यातले शेतकरी. मोठा हार्ट अटॅक, फुप्फुसात पाणी भरलेलं, दुपारपासून मास्कवर होते. ठोके थांबले तसे मी आणि ब्रदर, म्हणजे आमचा पुरुष नर्स, आळीपाळीने छाती दाबायला लागलो. मिनिटाला 100 ते 120 दाब, दर 3 ते 5 मिनिटांनी 1 मिलिग्रॅम ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. तेव्हा काहीच वाटत नाही, हात चालू असतात. डॉक्टरांनी ईसीजीची सरळ पट्टी काढली, वेळ सांगितली आणि हात मोकळे झाले. खरा त्रास तिथून सुरू होतो.

नळ्या काढल्या, डोळे मिटवले, हनुवटीला पट्टी बांधली. रजिस्टरवर सामान उतरवून घेताना सदऱ्याच्या खिशात तंबाखूची डबी आणि आडतीची पट्टी निघाली. सोयाबीनची. वजन, भाव, हमाली-तोलाई वजा. इतकी नीट घडी घातलेली, की कुणाला तरी दाखवायची असणार.

बाबांच्या घरच्या मावशी, त्यांची बायको, आत आल्या. रडल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, "माय, शेवटचं पाणी पाजलं का गं त्येन्ला?"

एवढी धाप लागलेली असताना पाणी पाजत नाहीत, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. पण बाबा सारखं मागत होते, म्हणून मी मधूनमधून ओल्या गॉजने त्यांचे ओठ ओले करत होते. तेच सांगितलं.

"तुझ्या हातानं?"

"हो मावशी."

मग त्यांना रडू फुटलं, आणि मलाही. सिस्टरनं पेशंटच्या माणसांसमोर रडू नये, असं मागून कुणीतरी म्हणालं. मला हे अजिबात पटत नाही. काम सगळं झालं होतं, एक गोष्ट राहिली नव्हती. मग रडले तर कुणाचं काय बिघडलं?

थोड्या वेळात त्याच बेडवर नवा पेशंट आला. येणारच, बाहेर स्ट्रेचर थांबलेले असतात. पण मधे श्वास घ्यायलाही जागा नाही, हे मला सोसत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले नर्स जोनाथन बार्टेल्स यांनी एक रीत सुरू केली: पेशंट गेला की सगळ्यांनी आहे तिथेच थोडा वेळ शांत उभं राहायचं. गेलेल्यासाठी, आणि ज्यांनी धडपड केली त्यांच्यासाठीही. ज्याला जी प्रार्थना करायची ती मनात. याला पैसे लागत नाहीत, मशीन लागत नाही.

टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर आम्ही नातेवाइकांना देतो. झोप अशीच उडत राहिली तर मीही लावणार आहे, त्यात लाजायचं काय?

उद्या ओव्हर झाली, म्हणजे पुढच्या ड्यूटीला पेशंट सोपवले, की शांत उभं राहायच्या या रीतीबद्दल इनचार्ज सिस्टरांशी बोलते. वेळ कुठाय म्हणाल्या, तर अर्धाच मिनिट मागेन. ब्रदर माझ्या बाजूने बोलणार आहे.