वीस अंश

"डॉक्टरसाहेब, समोरच्या गाडीच्या दिव्याला अजून शेपूट दिसतंय," असं म्हणत ते चौथ्या दिवशी परत आले. वय ५८, तीस वर्षं वडाप चालवतात. मोतीबिंदूसोबत अडीच डायॉप्टरचा सिलिंडर नंबर होता, म्हणजे डोळ्याचा बाक सगळ्या दिशांना सारखा नव्हता. म्हणून मोतीबिंदू काढताना तो नंबरही भरून काढणारं टोरिक भिंग घातलं होतं. साध्या भिंगापेक्षा ते महाग. विमा कंपनीने जादा रक्कम नाकारली. या कंपन्यांना सिलिंडर म्हणजे हौस वाटते. रात्री घाटात गाडी चालवणाऱ्याला विचारून बघा म्हणावं.

टोरिक भिंग योग्य अक्षावर, म्हणजे नेमक्या कोनात, बसलं तरच उपयोगाचं. एक अंश सरकलं तर जवळपास साडेतीन टक्के परिणाम जातो, तीस अंश सरकलं तर सगळाच. म्हणून शस्त्रक्रियेआधी डोळ्यावर कोनाच्या खुणा मी स्वतः करतो, आणि त्याही रुग्णाला ताठ बसवून, समोर लांब बघायला लावून. आडवं झालं की डोळा काही अंश स्वतःभोवती फिरतो. टेबलावर झोपवून खूण करणारे माझे काही समव्यावसायिक आहेत. मला ते अजिबात पटत नाही. शाईची रेघही बारीक हवी. अश्रूंनी ती पसरली की तिच्या जाडीतच चार-पाच अंश हरवतात.

एवढं सांभाळून भिंग ८५ अंशांवर बसवलं होतं. पण या डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी २६.४ मिलिमीटर, आणि अशा लांब डोळ्यात भिंग ज्यात बसतं ती पिशवीही बऱ्याचदा ऐसपैस असते, म्हणून भिंग आत फिरू शकतं. पट्टी काढली त्या सकाळी ते चष्म्याशिवाय ६/१८ वाचत होते, म्हणजे चांगल्या नजरेला १८ मीटरवरून दिसणारं अक्षर ६ मीटरवरून. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, थोडी सूज होती. "उतरेल," असं सांगून मी थेंब लिहून दिले. बाहुली मोठी करून, भिंग कुठल्या कोनात आहे हे दाखवणाऱ्या भिंगावरच्याच खुणा बघितल्या नाहीत. पाच मिनिटांचं काम होतं.

चौथ्या दिवशी बघितल्या. भिंग १०५ वर. वीस अंश, म्हणजे दोन तृतीयांश परिणाम गेलेला.

चष्म्याने भागवा, असं एका ज्येष्ठांनी सुचवलं. चष्मा नको म्हणूनच तर त्या माणसाने पैसे मोजले होते. पिशवी भिंगाला घट्ट धरायच्या आत, पाचव्या दिवशी पुन्हा टेबलावर घेतलं. भिंग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच सहज फिरतं. खूण ओलांडली की अर्धा फेरा पुन्हा घालावा लागतो. इथे जायचं होतं तेही त्याच दिशेने, एवढं नशीब. हळूहळू ८५ वर आणलं आणि भिंगामागचं जेल दोन्ही बाजूंनी धुऊन काढलं. शस्त्रक्रियेत पिशवी फुगवून ठेवायला ते भरतात, पण मागे राहिलं तर भिंग त्यावर घसरतं. आठवड्याने ६/६. वाचायला चष्मा लागणारच, हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

पहिल्या शस्त्रक्रियेचं रेकॉर्डिंग मी तीनदा पाहिलं. भिंगामागे उजवीकडे जेल धुणाऱ्या नळीचं टोक गेलेलं स्पष्ट दिसतं. डावीकडे ते भिंगाच्या कडेशी थांबलं की आत गेलं, ते चकाकीत कळत नाही. जेल राहिलं असेल, तर चूक माझी. नसेल, तर तो डोळाच तसा.

त्यांचा दुसरा डोळा २६.२ मिलिमीटरचा आहे. तोही माझ्याकडेच करायचा, असं ते मुलासमोर म्हणाले. पिशवी ताणून धरणारी ताणकडी आत घालायची का, हे अजून ठरलेलं नाही. पण त्या शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी, घरी सोडायच्या आधी, मी बाहुली मोठी करून खुणा बघणार आहे.