इंदूरला गेलात तर इंडस-२ बघाच

इंदूर म्हटलं की आपल्याकडे सराफा आणि पोहे-जिलेबीच आठवते, पण शहराच्या कडेला कॅट रोडने गेलं की आरआरकॅट, म्हणजे राजा रामण्णा सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी ही संशोधन संस्था लागते आणि इंडस-१, इंडस-२ हे आपले दोन्ही सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांच्यापासून एक्स-रेसारखा प्रकाश मिळवणारी मशीन) तिथेच आहेत. विज्ञान दिनाच्या ओपन हाऊसला गेलो होतो. गेटवर मोबाईल जमा करायचा, मग आत झाडी, तलाव, होळकरांचा जुना सुखनिवास महाल.

संस्थेची पायाभरणी झाली १९८४ ला, पहिले डायरेक्टर डॉ. दिलीप भवाळकर. त्यांनी एकदम मोठी उडी घेतली नाही हे मला फार आवडलं, आधी ४५० एमईव्हीची (हे इलेक्ट्रॉनच्या एनर्जीचं माप, १००० एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही) छोटी इंडस-१, परीघ जेमतेम १९ मीटर, ती १९९९ ला चालू झाली आणि मग २००५ ला इंडस-२ मध्ये बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत फिरला, २.५ जीईव्ही, परीघ १७२ मीटर. दोन्हींना इलेक्ट्रॉन पुरवणारे मायक्रोट्रॉन आणि बूस्टर (इलेक्ट्रॉनना सुरुवातीचा वेग देणारी मशीन) मात्र एकच!

इलेक्ट्रॉन फिरतात ती रिंग स्वतः जाड काँक्रीटच्या भिंतीआड असते, आपण बघतो तो बाहेरचा हॉल, जिथे भिंतीतून एकेक बीमलाईन (एक्स-रे प्रयोगापर्यंत नेणारी नळी) बाहेर आलेली दिसते. आम्हाला फिरवणाऱ्या मॅडमनी छान सांगितलं, इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने सेकंदाला १७ लाखांवर फेऱ्या मारतात आणि मॅग्नेटने वळवलं की त्या वळणावर एक्स-रे बाहेर पडतात, अगदी ओला कपडा गरगर फिरवल्यावर पाणी उडतं तसे. त्या एक्स-रेमध्ये कोणी प्रोटीनचे क्रिस्टल तपासतं, कोणी बॅटरीचं मटेरियल, आणि देशभरातल्या युनिव्हर्सिटीतली मुलं प्रपोजल पाठवून इथे येतात, बीमटाईम, म्हणजे मशीन वापरायची वेळ मिळाली की रात्र-रात्र बसतात.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटलं ते आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींच्या सिस्टीमचं. फेरीगणिक गेलेली एनर्जी इलेक्ट्रॉनना परत द्यावी लागते, त्यासाठी आधी क्लायस्ट्रॉन (रेडिओ लहरींची ताकद वाढवणाऱ्या मोठ्या व्हॅक्यूम ट्यूब) वापरायचे, ते बाहेरून मागवावे लागायचे, तर इथल्या लोकांनी ५०५.८ मेगाहर्ट्झचे सॉलिड-स्टेट अँप्लिफायर इथेच बनवले. छोटे छोटे शेकडो मॉड्युल जोडलेले, त्यामुळे एखादं बिघडलं तरी मशीन चालू राहतं. असं काम पेपरात कधी छापून येत नाही, यायला पाहिजे खरं तर.

शाळेतली मुलं असतील तर नक्की न्या, फक्त ओपन हाऊसची तारीख आधी आरआरकॅटच्या साईटवर बघून घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा.